शून्य पादचारी

माझा राग नाकावर असतो, असं आई म्हणते. तिला म्हणायला काय जातंय, तो आलाय तिच्याकडूनच. फरक इतकाच की आईला राग आला की ती अर्ज लिहिते आणि मला आला की मी हातातली कात्री टेबलावर आपटते. शिवणकाम करणाऱ्या बाईने कात्री आपटू नये, धार जाते. माझ्या घरात आजवर एकही कात्री वर्षभर टिकलेली नाही.

आई आमच्या समोर राहते. समोर म्हणजे अगदी समोर, रस्त्यापलीकडच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. आम्हीही पहिल्या मजल्यावर. माझं मशीन माझ्या खिडकीशी, तिची खुर्ची तिच्या खिडकीशी. पूर्वी मध्ये साधा रस्ता होता. मी इकडून डबा घेऊन निघाले की वाफ निवायच्या आत तो तिच्या टेबलावर असायचा. मग रस्ता चारपदरी झाला आणि गाड्या मोकाट सुटल्या. त्याच वर्षी आई घरात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. आता ती काठी घेऊन फिरते, जिने चढते-उतरते, खालच्या दुकानातून स्वतः दूध आणते. तिला जमत नाही ते फक्त रस्ता ओलांडणं. दोन वर्षं ती माझ्या घरी आलेली नाही.

मी सुरुवातीला धावत ओलांडून जायचे. आई खिडकीतून बघायची आणि मी तिच्या दारात पोचेपर्यंत तिच्या तोंडचं पाणी पळालेलं असायचं. एक दिवस तिने शपथच घातली. तेव्हापासून मी दर बुधवारी बसने लांबच्या सिग्नलपर्यंत जाते आणि पलीकडून दुसऱ्या बसने परत येते. समोरच्या घरी जायला चाळीस मिनिटं. तिला म्हटलं, तू टॅक्सीने ये. तर म्हणाली, "आणि टॅक्सीवाल्याला सांगू काय? की बाबा रे, तीन किलोमीटर फिरव, मला समोरच्या खिडकीत जायचंय?" बाकीचे सहा दिवस आम्ही आपापल्या खिडकीत उभं राहून फोनवर बोलतो. रस्त्यावरून जाणाऱ्यांना आम्ही वेड्या वाटत असू.

आता आमचे हे. हे पेंटर आहेत, दुकानांचे बोर्ड रंगवतात. 'भाऊ पेंटर' म्हटलं की इथे कुणीही घर दाखवेल. ह्यांचं आणि आईचं एका गोष्टीवरून कधी पटलं नाही. आईने सरकारी कचेरीत कारकुनी केली आणि तीस वर्षं निवडणुकीची ड्यूटी केली. माणसांना रांगेत उभं करायचं, नाव तपासायचं, बोटाला शाई लावायची. तिच्या मते जगात जे काही बदललं ते त्या शाईने. ह्यांनी तरुणपणी एका संपात तीन दिवस कारखान्याच्या गेटवर बसून काढले होते आणि पगार वाढवून घेतला होता. ते तीन दिवस आम्ही गेली वीस वर्षं ऐकतोय.

"आई, मागून काही मिळत नाही," हे स्पीकरवर सांगणार.

"जावईबापू, हिसकावून घेतलेलं टिकत नाही," ती पलीकडून हात हलवत सांगणार.

मी मध्ये बसून कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत असायचे.

रस्ता ओलांडायला पट्टे मारून द्या, असा अर्ज आम्ही वॉर्ड ऑफिसला केला. केला म्हणजे आईने फोनवर सांगितला, मी लिहिला. एक नाही, पाच. प्रत्येकाची पोच फाइलला लावलेली. ऑफिसातले लोक ताकास तूर लागू देत नव्हते. शेवटी दोन वर्षांनी उत्तर आलं. मी ते आईला फोनवर वाचून दाखवलं. सदर ठिकाणी दोन तास पाहणी करण्यात आली. सदर ठिकाणी रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्यांची संख्या शून्य आढळली. सबब सदर ठिकाणी पट्ट्यांची आवश्यकता नाही.

"शून्यच असणार ना," मी ओरडले, "ओलांडताच येत नाही तर ओलांडणार कोण?" कात्री गेली. नवी होती.

आई शांतपणे म्हणाली, "सहावा अर्ज लिहायला घे." पण माझं डोकं फिरलं होतं. मी फोन ठेवला आणि ह्यांना म्हटलं, "रस्त्यावर टिकेल असा पांढरा रंग किती आहे घरात?"

ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण माझ्याकडे इतक्या प्रेमाने बघितल्याचं मला तरी आठवत नाही.

रविवारी भर दुपारी आम्ही कामाला लागलो. ह्यांचं म्हणणं असं की चोरून केलेलं काम चोरीचं दिसतं, उजेडात केलं की सरकारी दिसतं. उंच बोर्डांच्या कामाला वापरतात ती नारिंगी जाकिटं दोघांनी चढवली. रंगाच्या रिकाम्या बादल्या उलट्या घालून एकेक बाजू बंद केली. मापाचं काम माझं. कापडाचा खडू आणि मापाची टेप घेऊन मी सबंध रस्ता आखला, प्रत्येक पट्टा सारखा, मधली प्रत्येक जागा सारखी. अर्धं काम झालं आणि ट्रॅफिकचा हवालदार आला. माझी पाचावर धारण बसली. तो बघून म्हणाला, "आधी कळवायचं नाही का? मी सकाळीच आलो असतो." आणि शिट्टी तोंडात धरून त्याने दोन तास आमच्यासाठी गाड्या अडवल्या. ह्यांनी त्याला दोनदा चहा पाजला.

चार वाजता काम झालं. आई खिडकीत उभीच होती. मी खालून हात केला, ये. तिने फोन दाखवला. माझा फोन घरी होता, वर जाऊन बघते तर तिचे सात मिस्ड कॉल.

"परवानगी कुठाय?" हा पहिला प्रश्न.

"आई, पट्टे बघ ना किती सुरेख झालेत."

"सुरेख आहेत. पण मी त्यांच्यावर पाय ठेवणार नाही. मंजुरी आण, मग येते."

आता सांगा, ह्या बाईला काय करावं. जिच्यासाठी गुडघे सोलले ती खिडकीत उभी राहून मंजुरी मागतेय.

बाकीचे लोक मात्र दुसऱ्या दिवसापासून पट्ट्यांवरून ये-जा करायला लागले. गाड्याही थांबायला लागल्या. आम्हाला वाटलं, जिंकलो. त्याच सकाळी दहा वाजता ह्यांचा फोन वाजला. ऑफिसातले रस्त्यांचे साहेब बोलत होते. "भाऊ पेंटर का? ते पट्टे तुम्हीच मारलेत ना?"

ह्यांनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, "ह्यांना कसं कळलं?"

मी खिडकीतून खाली बघितलं आणि मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. आमच्या बाजूच्या शेवटच्या पट्ट्याच्या कोपऱ्यात, लाल रंगात, सुबक वळणदार अक्षरांत लिहिलं होतं: भाऊ पेंटर. खाली फोन नंबर. बोर्ड संपला की कोपऱ्यात सही करायची ही तीस वर्षांची सवय. हाताने आपलं काम केलं, डोक्याला पत्ताच नाही.

"मग नंबर बरोबर लिहिलाय ना?" हे म्हणाले. अशा माणसावर रागावून तरी काय उपयोग.

साहेब दुपारी नोटीस घेऊन आले. बारीक चणीचे, कपाळाला आठ्या, हातात मोजायची टेप. सगळे पट्टे मोजले आणि म्हणाले, "आखणी कुणाची?"

"माझी," मी म्हटलं.

"एका बोटाचाही फरक नाही. आमच्या कंत्राटदाराला हे जमत नाही." मग त्यांना आपण कशाला आलोय ते आठवलं. ऑफिसच्या मंजुरीशिवाय मारलेले पट्टे ठेवता येत नाहीत. रविवारी चार वाजता वॉर्डसभा आहे, तिथे हजर लोकांनी बहुमताने मंजूर केले तर राहतील. नाहीतर सोमवारी सकाळी काळा रंग, तोही आमच्याच पैशांनी.

"ग्लॉस की मॅट?" ह्यांनी विचारलं. मी त्यांना कोपराने ढोसलं. ऑफिसचे निम्मे बोर्ड हेच रंगवतात, ते काम गेलं असतं तर थट्टा महागात पडली असती.

वॉर्डसभेत विरोधात होता टाइलवाला. आमच्या इमारतीशेजारीच त्याचं फरशांचं दुकान आहे. पट्टे नेमके दुकानासमोर आले, त्यामुळे त्याचा ट्रक उभा करायला जागा उरली नाही. माणूस वाईट नाही. "वहिनी, माझ्या पोटावर पाय येतो हो," असं म्हणाला तेव्हा मलाही वाईट वाटलं. पण तो हात जोडून घरोघर फिरला, आणि आमच्या बाजूला घरटी गाडी आहे. गाडीवाल्याला थांबायचं जिवावर येतं. मंगळवारपर्यंत ह्यांनी हिशेब मांडला: आमच्या बाजूने चाळीस हात, टाइलवाल्याच्या बाजूने साठ.

"पलीकडच्यांचं काय?" मी म्हटलं. पलीकडे सगळी आईच्या वयाची माणसं. सभा भरते आमच्या बाजूच्या शाळेत. रस्ता रुंद झाल्यापासून पलीकडचं एक माणूस सभेला आलेलं नाही. येणार कसं?

मी आईला फोन लावला. "रविवारी चार वाजता सभा आहे. तुला यायचंय."

"कुठून? त्या पट्ट्यांवरून?"

"मग काय विमानाने?"

"मंजूर नसलेल्या पट्ट्यांवरून चालत जाऊन त्याच पट्ट्यांना मत द्यायचं? मी तीस वर्षं लोकांना नियम शिकवले आहेत."

हे मध्ये पडले. "आई, मत टाकायच्या जागेपर्यंत पोचताच येत नसेल तर त्या मताचं करायचं काय?"

"आणि जावईबापू, मतं नसतील तर सोमवारी तुमच्या पट्ट्यांचं काय व्हायचंय?"

दोघंही बरोबर होते. आणि तेच मला सहन होईना. मी म्हटलं, "ठीक आहे, बस मग तिथेच. तुझ्या नियमांनाच सांग तुझ्याशी गप्पा मारायला. मी बुधवारी बसने येते, तेवढी आठवण ठेवून यायला माझं काय डोकं ठिकाणावर नाही." रागात मी वाक्य सुरू कुठे करते आणि संपवते कुठे, माझं मलाच कळत नाही. पण आईला कळलं. तिने फोन ठेवला आणि पडदा ओढून घेतला.

बुधवारी पडदा बंद. गुरुवारी बंद. शुक्रवारी बंद. दोन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. रोज सकाळी तिच्या खिडकीत तिची हालचाल दिसली की मग मी मशीनवर बसायचे, ही सवय मला होती हे त्या दिवशी समजलं. मी एका शर्टाला डाव्या बाहीच्या जागी उजवी बाही लावली. फोन केला तर उचलेना. पट्ट्यांवरून जावं तर ती दार उघडणार नाही, आणि बसने जायला माझा हट्ट आडवा. रात्री दिवा लागायचा, तेवढ्यावर समाधान. शनिवारी मी ह्यांना म्हटलं, "पुसून टाका ते पट्टे. मला आई बोलली तरी पुरे." ह्यांनी माझ्या समोर चहा ठेवला.

रविवारी पावणेचारला मी शाळेबाहेर फूटपाथवर उभी होते. टाइलवाल्याची माणसं आत चालली होती, काही जण मला नमस्कार करून गेली. रस्त्यांचे साहेब दारातच खुर्ची टाकून बसले होते. पलीकडे चिटपाखरू नव्हतं.

मग आईच्या इमारतीचं फाटक उघडलं आणि आई बाहेर आली. ठेवणीतले कपडे, एका हातात काठी, दुसऱ्या हातात कागद. तिच्या मागे तिच्या मजल्यावरच्या काकू. त्यांच्या मागे वॉकर घेतलेले एक आजोबा. त्यांच्या मागे आणखी कुणी, आणि आणखी कुणी, शेजारच्या दोन इमारतींतलेही. आणि सगळे रांगेत. मला हसू आवरेना. पडदा बंद होता कारण आई घरातच नव्हती. चार दिवस ही बाई काठी टेकत जिने चढत होती, घरोघर जाऊन यादी करत होती, नावापुढे खुणा करत होती.

रांग रस्त्याच्या कडेला आली. एक बस थांबली, तिच्यामागे गाड्या थांबल्या. ड्रायव्हरने हात केला, जा. आई पहिल्या पट्ट्यासमोर उभी राहिली. काठीचं टोक पांढऱ्यावर टेकवलं आणि मागे घेतलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा मागे. मागची रांग थांबली. तिसऱ्यांदा काठी मागे आली तेव्हा मला कळलं. हिला नियम अडवत नव्हता.

मी निघाले. धावले नाही, चालत गेले. बावीस पावलं झाली. तिच्यासमोर उभी राहून म्हटलं, "ओळखपत्र आणलंय का? नाहीतर आत घेणार नाहीत."

"मला शिकवतेस?" ती म्हणाली. पण तिने कागद काठीच्या हातात घेतला आणि मोकळा हात माझ्याकडे केला. मी तो धरला. ती गाड्यांकडे बघत नव्हती, पायाखाली बघत होती. "अंतर सारखं आहे ना सगळ्यांत?"

"टेपने मोजलंय, आई."

"मग चल."

आम्ही दोघी चाललो, मागून सगळी रांग. वॉकरवाले आजोबा बसच्या ड्रायव्हरला हात हलवत होते, जणू त्यांचीच वरात निघालीय. शेवटच्या पट्ट्याशी आई थांबली, वाकून वाचलं आणि फूटपाथवर उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे बघितलं. "फोन नंबरसुद्धा?"

"चुकून झालं, आई," हे म्हणाले.

"अक्षर छान आहे," आई म्हणाली. जावयाचं तिने केलेलं हे पहिलं कौतुक.

दारातले साहेब मान वर न करता कागदावर रेघा मारत होते. शेवटचे आजोबा आत गेल्यावर त्यांनी रेघा मोजल्या. "सदर ठिकाणी ओलांडणारे पादचारी," ते मला म्हणाले, "एकतीस. तुम्हाला धरलं तर बत्तीस." आणि तो कागद त्यांनी जपून फाइलला लावला.

सभेत फार वेळ गेला नाही. पट्टे ठेवण्याच्या बाजूने एकाहत्तर हात, विरोधात अठ्ठावन्न. जिंकलो हे दिसत असतानाही आईने उभं राहून मोजणी पुन्हा करायला लावली. वर स्वतःच सूचना मांडली की सकाळी आठपर्यंत टाइलवाल्याचा ट्रक पट्ट्यांच्या पुढे उभा राहू द्यावा. तीही मंजूर झाली. टाइलवाल्याने मंगळवारी दुकानावर नवा बोर्ड लावला: 'रस्ता ओलांडा, आत या.' रंगवायला आमच्या ह्यांनाच बोलावलं. आणि कोपऱ्यातली ती सही साहेबांनी पुसू दिली नाही, म्हणाले मंजुरी जशी आहे तशी झालीय. आता ह्यांना दुसऱ्या गल्ल्यांतून फोन येतात. हे त्यांना आधी सांगतात की आमच्या सासूबाईंशी बोला, अर्ज कसा करायचा ते त्या सांगतील. आणि आई सांगते की अर्ज करा, पण रंगाचंही विचारून ठेवा.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी सभा सुटल्यावर आई माझ्या घरी आली. जिन्यात दोनदा थांबली. आत आल्यावर पंख्यावरची धूळ बघितली, मशीनखालच्या चिंध्या बघितल्या, त्याबद्दल काय बोलायचं ते बोलली. मग माझ्या खुर्चीत बसली आणि खिडकीतून समोर बघितलं. तिची खिडकी, तिची रिकामी खुर्ची, पडदा अर्धा सरकलेला.

"इथून मी एवढीशी दिसते?" ती म्हणाली.

"एवढीशीच. पण दिसतेस."

हे चहा करायला आत गेले. आई हळूच म्हणाली, "नियमाचं काही नव्हतं गं. मला त्या रस्त्याची भीती वाटत होती. तुला सांगायची लाज वाटली."

"कळलं मला," मी म्हटलं. "हात घामाने ओला झाला होता तुझा."

"माझा नाही," आई म्हणाली, "तो तुझा होता."

खरं सांगायचं तर माझाही होता.